बालवाडीचा खर्च : आपल्याकडचा आणि मंगोलियातला
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरचा कोणीतरी विद्वान वक्ता बोलावतो, हार घालतो, आणि तो काय बोलला ते चहा होईपर्यंत विसरून जातो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की मंडळातल्याच एकीने बोलावे, आणि माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी अर्थशास्त्र सांगणार आहे अशी भीती कोणी बाळगू नये. पण लग्न झाल्यापासून घरखर्चाची वही मी एक दिवसही चुकवलेली नाही. पैसा कोणत्या नावाने आला आणि कोणत्या नावाने गेला एवढे मला कळते, आणि आजच्या विषयाला तेवढे पुरते असे मला वाटते.

हा विषय कुठून निघाला ते आधी सांगते. आपल्या मंडळाची ही खोली रोज सकाळी रिकामी असते. शिवणवर्ग दुपारी, भजन शुक्रवारी संध्याकाळी, हळदीकुंकू वर्षातून एकदा. या रिकाम्या सकाळसाठी दोन मागण्या आल्या आहेत. एक मागणी खासगी प्लेग्रुप चालवू इच्छिणाऱ्यांची आहे. ते भाडे चांगले देतील. दुसरी मागणी खालच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविकाबाईंची. त्यांची सध्याची जागा जाते आहे आणि त्यांच्याकडून मिळेल ते भाडे फार थोडे असेल. मागच्या सभेत यावर बरीच चर्चा झाली. तेव्हा आपल्यातल्याच एका काकूंनी विचारले, "अगो, सरकार अंगणवाडीवर हजारो कोटी रुपये घालते म्हणतात, मग त्यांना एक खोली का मिळू नये? ती आपण का द्यायची?" कोणालाच उत्तर देता येईना. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. घरी येऊन मी धाकट्या लेकीला म्हटले, "तू वाणिज्य शिकतेस ना, मग मला हे सरकारचे अंदाजपत्रक शोधून दे." पुढचे दोन महिने आम्ही मायलेकी रात्री जेवणे आटोपल्यावर आकडे मांडत बसलो. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी आपल्या गावातली एक गोष्ट. आपण स्टेशनकडे जाता-येता रायगड भवनावरून जातो. कोणी तिथे दाखल्यासाठी गेले असेल, कोणी नुसतेच. आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे की एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचे आयुक्तालय त्याच इमारतीत आहे? साऱ्या महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. गडचिरोलीच्या जंगलातली असो की नंदुरबारच्या पाड्यावरची असो, तिचा कारभार आपल्या बेलापूरहून चालतो. मलाही हे ठाऊक नव्हते, आणि मी इथे वीस वर्षे राहते!

आता अंगणवाडी हे नाव. पुष्कळांना वाटते की हे सरकारी कचेरीतून निघालेले नाव आहे. तसे नाही. ते आपल्या मराठी बायकांनी दिलेले आहे, आणि तेही तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात. ताराबाई मोडक या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. शहरातल्या मुलांची सोय अशी होऊ लागली, पण ताराबाईंचे समाधान होईना. मॉन्टेसरी पद्धतीची सुंदर रंगीत साधने बाहेरून आणावयाची तर त्यांना पैसा फार लागतो, आणि खेड्यातल्या मुलाला ती कधी मिळणार? म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी कपाळ पांढरे झालेली मुलगी पुढे शिकली, शिक्षिका झाली आणि उरलेला सारा जन्म तिने या कामाला दिला.

बोर्डीला बालवाडी तर काढली, पण दलित वस्तीतली आणि पाड्यावरची मुले तिथे येत ना. कोणी धाकटे भावंड सांभाळत असे, कोणाला लाज वाटे, कोणाला गावची भीती. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. मुलांना नदीवर नाहीतर विहिरीवर आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. साधने कोणती? शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तिथे वारली मुले गुरांमागे जात. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणावर न्यायची असे ठरले आणि कुरणशाळा निघाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले गेले. ही कुरणशाळा तुम्ही लक्षात ठेवा, तिची मला पुढे गरज पडणार आहे.

३३ ठिकाणांवरून ही योजना देशभर जायला फार वर्षे लागली. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हुकूम दिला की प्रत्येक वस्तीला अंगणवाडी पाहिजे. २००६ साली पुन्हा बजावून सांगावे लागले की चौदा लाख अंगणवाड्या काढा. आज देशात सुमारे तेवढ्या आहेत. म्हणजे सरकारने काही केले नाही असे म्हणणे खोटे होईल. जगात एवढी मोठी दुसरी योजना क्वचितच असेल.

आता वही उघडते.

२०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' या नावाखाली २१,९६० कोटी रुपये मांडले आहेत. हजारो कोटी हे खरेच आहे, काकू म्हणाल्या त्यात चूक नाही. पण त्या वर्षीचा केंद्राचा एकूण खर्च पन्नास लाख पासष्ट हजार कोटी. लेकीने भागाकार केला, मी पुन्हा हाताने करून पाहिला. शंभर रुपयांत त्रेचाळीस पैसे! आता दुसरा भागाकार. अंगणवाडीच्या नोंदीत मुले, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि काही भागांतल्या किशोरी मुली मिळून दहा कोटींच्या आसपास माणसे आहेत. २१,९६० कोटींना दहा कोटींनी भागले की माणशी वर्षाला सुमारे २,२०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला १८३ आणि दिवसाला सहा रुपये. यात राज्य सरकार आपला वाटा घालते, कुठे निम्मा, कुठे चाळीस टक्के. तो धरला तरी दिवसाचे दहा-बारा रुपये होतील. यात काय काय आहे? मुलाचा आहार, सेविकेचे आणि मदतनीस बाईंचे मानधन, वजनकाटा, नोंदवह्या, मोबाइल, जागेचे भाडे, आणि शिक्षण. दहा-बारा रुपयांत आपल्या चौकातल्या टपरीवर एक कटिंग चहा येतो.

आहाराचा दर २०१७ साली ठरला तो असा : सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये. माझ्या वहीत २०१७ सालची तूरडाळ आणि तेल यांचे भाव लिहिलेले आहेत, हवे असेल तर दाखवीन. सेविकेचे मानधन केंद्राच्या दराप्रमाणे २०१८ च्या ऑक्टोबरपासून महिना ४,५०० रुपये आणि मदतनीस बाईचे २,२५०. आपले राज्य यात स्वतःची भर घालते आणि ती वेळोवेळी वाढलीही आहे, पण ती सहजासहजी वाढलेली नाही. २०२३ च्या डिसेंबरात सेविका संपावर गेल्या आणि तो संप पन्नास दिवसांहून अधिक चालला, हे तुम्हाला आठवत असेलच. त्या मिळकतीला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान किती आणि धन किती ते सेविकाबाईंनाच विचारावे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, त्यासाठीही त्यांना न्यायालयापर्यंत जावे लागले.

आणि शिक्षण? खेळणी, चित्रे, ठोकळे यांची जी पूर्वशालेय साहित्याची पेटी असते तिला केंद्राच्या दराप्रमाणे अंगणवाडीमागे वर्षाला ५,००० रुपये. पंचवीस मुले धरली तर मुलामागे दोनशे रुपये. वर्षाचे, बरे का. चौदा लाख अंगणवाड्यांचा हिशेब केला तर ७०० कोटी. सेविकाबाई शिकवते तो वेळही शिक्षणाचाच. तिचे निम्मे मानधन शिक्षणाच्या खाती धरू. प्रत्यक्षात लसीकरण, घरभेटी, निवडणुकीची कामे आणि मोबाइलवर माहिती भरणे यांतून निम्मा वेळ तिला कुठला मिळायला, पण धरू. तरी होतात ३,७८० कोटी. दोन्ही मिळून साडेचार हजार कोटींच्या आत. त्याच वर्षी केंद्राने शिक्षण खात्याला एक लाख अठ्ठावीस हजार सहाशे पन्नास कोटी दिले आहेत आणि राज्यांचा शिक्षणखर्च केंद्राच्या कितीतरी पट असतो. राज्ये बालवाड्यांवर पदरचे घालतात ते धरूनही, देशाच्या शिक्षणखर्चातल्या शंभर रुपयांपैकी दोन-तीन रुपयांपलीकडे लहान मुलांच्या शिक्षणाला जात असतील असे मला दिसत नाही. हा घरगुती हिशेब आहे, कोणी विदुषी बाई तो अधिक बारकाईने करू शकतील. पण दोनाचे वीस काही होणार नाहीत.

वीस हा आकडा मी उगीच घेतला नाही. लेकीने शोधता शोधता एक देश काढला, तिथे तो खरोखरच वीस आहे. तो देश म्हणजे मंगोलिया.

मी म्हटले, "अगं, अमेरिका, जपान यांच्याशी आपली तुलना करून काय उपयोग, ते श्रीमंत." ती म्हणाली, "आई, हा श्रीमंत नाही. हाही आपल्यासारखाच विकसनशील देश आहे." मंगोलिया चीन आणि रशिया यांच्या मधोमध बसलेला. जमीन अफाट, माणसे अवघी पस्तीस लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या नवी मुंबईत २०११ च्या शिरगणतीला जेवढी माणसे होती त्यांच्या तिप्पट. निम्मी जवळजवळ एका उलानबातर शहरात, आणि बाकीच्यांतली पुष्कळ कुटुंबे मेंढ्या, घोडे, याक, उंट घेऊन कुरणामागून फिरणारी. हिवाळ्यात थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत जाते. खाणींतून तांबे, कोळसा, सोने निघते, त्यावर सरकारची मिळकत, आणि जगात भाव पडला की तिथल्या अंदाजपत्रकाला लगेच कापरे भरते.

त्या देशात सरकारच्या शिक्षणखर्चाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, शाळेआधीच्या मुलांवर जातो. शंभरात वीस! संयुक्त राष्ट्रांची युनिसेफ संस्था म्हणते की प्रत्येक देशाने निदान दहा तरी द्यावेत. गरीब देश सरासरी दोनच देतात. हा देश त्या दहाच्याही दुप्पट देतो. तिथे १९९० पर्यंत समाजवादी राजवट होती, बायका कामावर जाव्यात म्हणून तिने गावोगावी बालवाड्या काढल्या होत्या. ती राजवट गेली, पैसा आटला आणि पुष्कळ बालवाड्या बंद पडल्या. तेव्हा "आता घरोघरी आयांनी पाहावे" असे म्हणून मोकळे होता आले असते. पण त्यांनी ती घडी पुन्हा बसवली. २००८ साली शाळापूर्व शिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. सरकारी बालवाडी फुकट आणि मुलाच्या जेवणाचा खर्च सरकारचा. बालवाडीही दिवसभराची; मुले तिथे जेवतात, दुपारी तिथेच झोपतात, संध्याकाळी आई कामावरून येऊन घेऊन जाते.

त्यांच्या भाषेत बालवाडीला 'त्सेत्सेरलेग' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ बाग. आमच्या कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला वाडीच म्हणतात, म्हणजे त्यांचा शब्द आणि आपला शब्द एकच झाला की! मला तर हे कळल्यावर त्या देशाबद्दल माहेरच्यासारखे वाटू लागले.

आणि आता कुरणशाळा आठवा. मेंढपाळांची मुले उन्हाळ्यात आईबापांबरोबर दूर कुरणावर असतात. गावातल्या बालवाडीत त्यांना कोण आणणार? म्हणून त्यांची बालवाडी फिरती. लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू असतो, त्याला ते 'गेर' म्हणतात. ती माणसे राहतातही तशाच तंबूत. शिक्षिका आणि स्वयंपाकीण तंबू, खेळणी, छोट्या खाटा गाडीत घालून कुरणावर जातात, तंबू ठोकतात, काही आठवडे मुलांना जमवून शिकवतात आणि मग पुढच्या कुरणाला. ताराबाई-अनुताईंना सुचले तेच यांनाही सुचले. फरक एवढाच की मंगोलियात फिरता तंबू सरकारच्या नियमात आणि अंदाजपत्रकात बसला. आपल्याकडे अंगणवाडीचे नाव सरकारने घेतले, कुरणशाळा मात्र कोसबाडच्या आठवणींतच राहिली.

इथे कोणी म्हणेल की बाईंना दूरचे डोंगर साजरे दिसतात. तसे नाही. तिथल्याही उणिवा मी पाहिल्या. उलानबातरमध्ये खेड्यांतून माणसांचे लोंढे आले, शहराभोवती तंबूंच्या वस्त्या वाढल्या आणि बालवाड्यांत जागा पुरेना. मग प्रवेशासाठी चिठ्ठ्या काढायची पाळी आली. सोडतीत नाव नाही निघाले तर मूल घरी. म्हाडाच्या घरासाठी आपण सोडत पाहतो, तशी तीन वर्षांच्या पोराच्या बालवाडीसाठी! एकेका वर्गात मुले इतकी कोंबलेली असतात की शिक्षिकेला एकेकाचे नाक पुसता पुसता दिवस जावा. शिवाय एवढ्या थंडीत खोली तापवल्याशिवाय मूल बसूच शकत नाही, म्हणजे त्यांच्या पैशातला काही भाग उबेतच जाणार. तो खर्च देवाच्या दयेने आपल्याला नाही. पस्तीस लाखांचा संसार आणि एकशे चाळीस कोटींचा संसार यांची बरोबरी करताना जिभेला जरा आवर घातलाच पाहिजे. चार माणसांच्या घरात जे वाढता येते ते चाळीसांच्या पंगतीत येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तरीसुद्धा माझ्या मनात एक गोष्ट राहिलीच, आणि ती रकमेपेक्षा वहीच्या खात्याची आहे. मंगोलियात बालवाडी शिक्षण खात्यात आहे. आपल्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास खात्यात, आणि अंदाजपत्रकात तिचे नाव निघते ते पोषणाच्या ओळीत. पोषण हवेच, मूल उपाशी असेल तर त्याला गाणे कसले सुचणार. पण घरच्या वहीत मी मुलाची फी 'किराणा' या खात्यात लिहिली, तर वर्षाअखेर फीला किती गेले ते मला कधीच कळणार नाही, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री नेमकी कशावर चालली तेही कळणार नाही. आपल्याकडे तसेच झाले आहे. खिचडी दिसते, वजन दिसते. शिकवणे कोणत्याच ओळीत दिसत नाही. वरून अधिकारी आले तर वजनाची वही आधी बघतात.

कायद्यातही तीच गोष्ट. २००२ साली घटनेची ८६ वी दुरुस्ती झाली. तिने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. सहाच्या आतल्या मुलांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा एवढेच ४५ व्या कलमात ठेवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही तीन ते सहाच्या मुलांची सोय सरकार करू शकेल असे आहे, केलीच पाहिजे असे नाही. नवे शैक्षणिक धोरण २०२० साली आले, त्यात तीन ते आठ वर्षे हा पाया धरला आहे, आणि २०२३ पासून 'पोषणही, शिक्षणही' असे म्हणून सेविकांना प्रशिक्षण देणे सुरू झाले; ही चांगली गोष्ट आहे आणि ती मी मोकळ्या मनाने म्हणते. पण राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणाला द्यावेत हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले, आणि २०२० च्या धोरणाने तेच पुन्हा सांगितले. चौपन्न वर्षांनी तेच वाक्य लिहावे लागते, यावरून काय ते समजा.

आता थोडे आपल्याबद्दल बोलते, राग मानू नका. मंगोलियाचा खर्च सरकारच्या वहीत दिसतो. आपल्या सेक्टरांतल्या मुलांचा खर्च सरकारच्या वहीत का दिसत नाही? कारण तो आपण भरतो. माझ्या जिन्यावर आठ घरे आहेत, त्यांतल्या तीन घरांत नर्सरी-केजीची मुले. मी सहज विचारले तर तिघींची मिळून वर्षाची फी, बस, गणवेश आणि 'अॅन्युअल डे'चे कपडे हे सारे लाखाच्या पुढे गेले. यांतली एकही रुपया कोणत्या अंदाजपत्रकात नाही. ज्यांना परवडते त्या आयांनी असा पैसा मोजून टाकला की अंगणवाडीकडे बघणारे कोणी उरत नाही. अंगणवाडीची खोली गळते हे मग फक्त त्या आईला दिसते जिचे मूल तिथे बसते, आणि तिला ते कचेरीत जाऊन सांगायला सवड नसते.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येते त्या बाईंचेच बघा. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा रोज त्यांच्याबरोबर येतो आणि माझ्या ओट्याखाली बसून डबे वाजवतो. मी म्हटले, "अगं, याला अंगणवाडीत का नाही पाठवीत?" म्हणाली, "ताई, पाठवत होते. पण ती सुटते तेव्हा मी चौथ्या घरात असते. आणायला कोण जाणार?" मंगोलियातली आई संध्याकाळी मूल घ्यायला जाते, ती गोष्ट मी वाचली तेव्हा मला हे पोर आठवले. आपल्याकडेही पाळणाघर जोडलेल्या अंगणवाडीची 'पाळणा' नावाची योजना २०२२ पासून आहे, पण आपल्या खालच्या वस्तीत ती आलेली नाही. सेविकाबाईंनी मला सांगितले की जागा थोडी जवळ आणि बरी असली तर अशी चार-पाच मुले तरी परत येतील, कारण त्यांच्या आया याच इमारतींत कामाला येतात. खालच्या वस्तीपेक्षा आपली खोली त्यांना जवळची. घरांमधल्या दहा मिनिटांत मूल नेता-आणता येईल.

म्हणजे काकूंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीप्रमाणे असे : हजारो कोटी आहेत, पण ते दहा कोटी माणसांत वाटले की दिवसाचे सहा रुपये होतात, आणि सहा रुपयांत बेलापुरात खोली मिळत नाही. खेड्यात ग्रामपंचायत जागा देते, देवळाचा ओटा असतो, शाळेची पडवी असते. इथे प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे. सिडकोने १९७० नंतर हे शहर आखले तेव्हा आपल्याला रस्ते, बागा, बाजार मिळाले. पण कष्टकऱ्यांच्या वस्त्या आखणीच्या बाहेर वाढल्या आणि अंगणवाडी तिथल्याच कोणाच्या तरी भाड्याच्या खोलीत गेली.

आता मंडळाच्या पैशाचे. हेही टाळून चालणार नाही. प्लेग्रुपवाल्यांचे भाडे घेतले तर शिवणवर्गाच्या दोन जुन्या यंत्रांची बदली आणि पावसाआधी छताची डागडुजी एका वर्षात होईल. अंगणवाडीला दिली तर ते पैसे बुडाले असेच धरावे लागेल. आपल्या खजिनदारबाई या मुद्द्यावर ठाम आहेत, आणि खजिनदाराने ठामच असावे. मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब केला. यंत्रे एक यंदा, एक पुढच्या वर्षी अशी घेता येतील. छताला यंदा हात लावलाच पाहिजे, त्यासाठी दिवाळीच्या फराळाची विक्री आहे आणि शिवाय सभासदांनी वर्गणी महिन्याला वीस रुपयांनी वाढवावी लागेल. वीस रुपये. ज्यांना जड जाईल त्यांनी मला येऊन सांगावे, त्यांचे नाव कोणत्याही यादीत लागणार नाही.

काही भगिनींनी विचारले आहे की रोज पंचवीस मुले आली तर खोली घाण होईल, भिंती रंगतील, संडास कोण धुणार? सेविकाबाई आणि मदतनीस बाई दोघींनी जागा रोज झाडून-पुसून देण्याचे कबूल केले आहे. भिंतीची एक बाजू खालपर्यंत काळी रंगवून द्यावी, म्हणजे पोरे खडूने तिथेच काय ते रेघोट्या मारतील, असे मी सुचवते. शिवणवर्गाचे कपाट कुलपात राहील. सरकारकडून भाड्याची जी रक्कम येईल ती उशिरा येईल हे धरूनच चालावे. तिच्यावर कोणताही खर्च लावू नये.

सेविकाबाई आज सभेला आल्या आहेत, मागे दाराजवळ बसल्या आहेत. त्यांना कोणाला काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी विचारावे, त्या फार संकोची आहेत. रायगड भवनात जागेबद्दलचा अर्ज कोणाच्या सहीने जावा लागतो ते त्यांनी विचारून ठेवले आहे. ठराव चिटणीसबाई आता वाचून दाखवतील. त्यात खोली सोमवार ते शनिवार सकाळी द्यावी, मुदत सध्या एक वर्षाची असावी आणि वर्षाअखेरीस किती मुले आली, किती टिकली व मंडळाला किती खर्च आला हे सभेपुढे ठेवावे, असे लिहिले आहे. तो हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे द्यावे एवढी माझी विनंती आहे.